मातीतली पेवं फोडणारे

सांगलीजवळ हरिपूरला, वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथे, हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत पोट सुटलेली. आत हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. मग ती हळद वर्षानुवर्षं न किडता तशीच राहायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बहुतेक पेवं निकामी केली. लहानपणी मला पेवाचं एकाच गोष्टीमुळे अप्रूप वाटायचं. वर उभं राहिलं तर काहीच दिसायचं नाही. पायाखाली लाखांचा माल आणि वर नुसतं गवत.

ही पेवं मला परवा पुन्हा आठवली ती माती परीक्षणाच्या एका कागदावरून. माझ्या चुलतभावाची पलूसकडे ऊस-सोयाबीनची शेती आहे. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असा कागद आला की दादा तो माझ्यापुढे टाकतो. नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. काळ्या रानांत हे नेहमीचंच. दादानं बोट नत्रावर ठेवलं.

"आगं, दरसाली टाकतुय की. जातंय कुठं हे?"

बरंचसं कुठे जातं ते त्यालाही माहीत आहे. थोडं पाण्याबरोबर खाली झिरपतं, थोडं वायू होऊन उडतं. स्फुरद आपल्या चुनखडीच्या रानात कॅल्शियमला चिकटून बसतं. पण एक हिस्सा असा आहे की तो रानातून कुठेही गेलेला नसतो. तो जिवंत शरीरांत भरून ठेवलेला असतो. जिवाणू आणि बुरशा यांच्या अंगात. तो हिस्सा किती, याचा हिशेब आम्ही दोघांनी त्याच कागदाच्या मागे मांडला.

एकरभर रानाची वरची १५ सेंटिमीटर माती घेतली तर तिचं वजन साधारण ८०० टन भरतं. सूक्ष्मजीवांच्या अंगातला कर्ब (कार्बन) किलोभर मातीत ३०० मिलिग्रॅम धरला, मध्यम कसाच्या रानाला हा आकडा चालतो. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अंगात जगभर सरासरीनं कर्बाच्या ६० अणूंमागे नत्राचे ७ आणि स्फुरदाचा १ असं प्रमाण आढळतं. ते लावलं तर एका एकरात सूक्ष्मजीवांच्या अंगात सुमारे ३२ किलो नत्र आणि १० किलो स्फुरद निघतं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २१ किलोच्या आत नत्र असतं, म्हणजे हे झालं दीड गोणी. आणि १० किलो स्फुरद म्हणजे डीएपी या खताची अख्खी ५० किलोची गोणी. (गोणीवर छापलेलं ४६ टक्के स्फुरद हे ऑक्साइडच्या हिशेबानं असतं; मूलद्रव्य मोजलं की ते २० टक्क्यांवर येतं.)

दीड गोणी युरिया आणि एक गोणी डीएपी, रानातच, पण पेवात. मुळाला ते मिळत नाही, कारण मूळ जिवाणू खात नाही. मुळाला लागतं पाण्यात विरघळलेलं अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट. जिवाणूच्या अंगातला माल बाहेर यायचा तर जिवाणू मरायला हवा आणि त्याचं अंग फुटायला हवं.

जिवाणू फोडणारे मातीत बरेच आहेत. त्यांना गिळणारे एकपेशीय प्राणी आहेत, सूत्रकृमी आहेत, कोरड आहे, ऊन आहे. या सगळ्यांबद्दल शेतीच्या पुस्तकांत थोडंफार लिहिलेलं असतं. पण संख्येनं या सगळ्यांना पुरून उरतील अशा विषाणूंबद्दल जवळपास काहीच नसतं. म्हणून हा लेख.

विषाणू म्हटल्यावर दादा दचकलाच. "म्हंजी रोगच की. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक." त्याचं चूक नाही. पिवळा मोझॅक विषाणूचाच रोग आहे, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पण तो विषाणू झाडाचा. मातीत ज्यांची गर्दी आहे ते बहुतेक विषाणू जिवाणूंचे आहेत. त्यांना फेज म्हणतात. त्यांना ना सोयाबीनशी देणंघेणं, ना माणसाशी, ना बैलाशी. एका जातीचा फेज सहसा एका जातीच्या, फार तर दोन-चार जवळच्या जातींच्याच जिवाणूंना धरतो. कुलपाला किल्ली लागावी तसं ते असतं. जिवाणूच्या अंगावरच्या ठराविक खाचेत तो बसला तरच पुढचं घडतं.

पुढचं असं घडतं. फेज म्हणजे प्रथिनाची एक डबी, आत डीएनएची गुंडाळी, बहुतेकांना खाली एक शेपटी. तो जिवाणूला चिकटतो आणि आतली गुंडाळी जिवाणूच्या अंगात सोडतो. डबी बाहेरच राहते. त्या क्षणापासून जिवाणूचा कारखाना दुसऱ्याच्या मालकीचा होतो. यंत्रं तीच, कच्चा माल तोच, पण आता तिथे नवे फेज तयार होतात. डझनांनी, कधी शेकड्यांनी. शेवटी फेजचंच एक विकर (एन्झाइम) आतून जिवाणूची भिंत पोखरतं आणि जिवाणू फुटतो. मराठीत "पेव फुटणं" म्हणजे दाबलेलं काहीतरी एकदम भसाभस बाहेर येणं. इथे ते शब्दशः होतं.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते. मातीतला जिवाणू बैलगाडीएवढा धरला तर फेजची डबी नारळाएवढी. खऱ्या मापात बोलायचं तर मोठ्यातले दहा हजार फेज एका ओळीत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरतो. आणि संख्या? चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम मातीत एक कोटीपासून हजार कोटींपर्यंत.

विषाणू डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं काम दिसतं. ते मी दरवर्षी मुलांना एकदा दाखवतेच. बाजारातून मुळांसकट मेथीची जुडी आणायची. मुळं हलक्या हातानं धुतली की त्यांच्यावर बारीक गाठी दिसतात. एखादी गाठ नखानं फोडली की आत गुलाबी रंग असतो, म्हणजे ती कामात आहे. त्या गाठीतला, हवेतलं नत्र बांधणारा जिवाणू (रायझोबियम) आम्ही वेगळा काढून वाढवतो. मग मेथीच्याच वाफ्यातली मूठभर माती पाण्यात हलवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचं. या छिद्रातून जिवाणू जात नाहीत, विषाणू जातात. खाली येतं ते नितळ पाणी. मुलं ते उजेडाकडे धरून बघतात. त्यात काही असेल असं कुणालाच वाटत नाही.

त्या पाण्याचे दोन थेंब जिवाणूंच्या द्रावणात टाकायचे, कोमट पातळ अगारच्या जेलीत मिसळायचे आणि घावन पसरावा तसं ते मिश्रण ताटलीत पसरायचं. दोन-तीन दिवसांत जिवाणू वाढून ताटलीवर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर धरतो. त्या थरात मध्येच टाचणीच्या डोक्याएवढे, वर्तुळाकार, आरपार दिसणारे ठिपके असतात. तिथली साय कुणीतरी खाल्ल्यासारखी. प्रत्येक ठिपका म्हणजे जिथे एक फेज पडला, त्यानं एक जिवाणू फोडला, त्यातून निघालेल्यांनी शेजारचे फोडले, आणि हे चालू राहिलं ती जागा. ठिपके मोजले की फेज मोजले. दुसऱ्या ताटलीत तेच पाणी, पण आधी उकळून घेतलेलं. तिथे साय सलग असते, एकही ठिपका नाही.

उकळलेल्या आणि न उकळलेल्या पाण्यातला हा फरक आपल्या देशात फार आधी दिसला होता. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळलं तर मरत नाहीत, हे नोंदवलं होतं. ते कशानं होतं हे त्याला उमगलं नव्हतं. १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये फेलिक्स डेरेल यांनी फेज शोधले. पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडे औषध म्हणून पाहिलं गेलं. ते निसर्गातल्या अन्नद्रव्यांच्या उलाढालीत काही करत असतील, हा विचार मुख्यतः समुद्रावर काम करणाऱ्यांकडून आला. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनापैकी सुमारे पाचवा हिस्सा रोज विषाणू मारतात, असा अंदाज आहे. १९९९ मध्ये विल्हेल्म आणि सटल या दोघांनी त्याचा अर्थ मांडला. जिवाणूला मोठ्या जिवानं खाल्लं तर माल अन्नसाखळीत वर जातो. विषाणूनं फोडलं तर तोच माल विरघळलेल्या रूपात पुन्हा जिवाणूंकडेच येतो.

मातीत हे असंच होतं का? मुळातली क्रिया तीच, पण माती म्हणजे समुद्र नव्हे, आणि मला वाटतं खरी गंमत इथूनच सुरू होते.

आधी फुटलेल्या जिवाणूतून काय निघतं ते पाहू. अमिनो आम्लं, साखरा, डीएनए-आरएनएचे तुकडे, भिंतीचे तुकडे. हा माल नत्रानं गच्च असतो. शेजारचा जिवाणू त्यावर तुटून पडतो. पण त्याला अंग भरायला जेवढं नत्र लागतं त्याहून त्या खाण्यात ते जास्त असतं, कारण खाल्लेल्या कर्बातला बराचसा तो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड करून सोडून देतो. उरलेलं नत्र त्याला नको असतं. ते तो अमोनियम म्हणून बाहेर टाकतो. मुळाला मिळतं ते हे.

उलट बाजू ऊसवाल्यांना चांगली ठाऊक आहे. खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, कुट्टी करून ठेवलं आणि वर युरिया टाकला नाही तर सुरुवातीला ऊस पिवळट दिसतो. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशा मातीतलं नत्र ओढून स्वतःच्या अंगात भरतात. शेतकरी म्हणतो पाचटानं नत्र खाल्लं. खाल्लं नाही, पेवात भरलं. काही महिन्यांनी तेच नत्र हळूहळू सुटत जातं, आणि ते सोडवणाऱ्यांत फेज असतात.

स्फुरदाचं जरा वेगळं आहे. फेज म्हणजे जवळपास नुसतं प्रथिन आणि डीएनए, आणि डीएनएचा कणाच फॉस्फेटचा. म्हणून फेजच्या डबीत कर्बाच्या साधारण २० अणूंमागे स्फुरदाचा १ अणू येतो. सूक्ष्मजीवांत तो ६० मागे १ असतो. म्हणजे नवे फेज निघताना यजमानाच्या स्फुरदातला मोठा वाटा स्वतःबरोबर घेऊन जातात. चुनखडीच्या रानात मोकळं फॉस्फेट दिसलं की कॅल्शियम त्याला धरतं. फेजच्या आत असेपर्यंत ते तसं धरलं जात नाही. डबी मोडली, डीएनए विघटित झाला, की मग ते सुटतं. मात्र याचा अर्थ फेज हे खत आहे असा नव्हे. सगळ्या फेजना गोळा करून तोललं तरी त्यांचं वजन जिवाणूंच्या पासंगालाही पुरणार नाही. त्यांचं महत्त्व ते काय आहेत यात नाही, ते काय फोडतात यात आहे.

आता माती आणि समुद्र यातला फरक. समुद्रात फेज वाहत जातो आणि कुणाला ना कुणाला धडकतो. मातीत जिवाणू एकूण पृष्ठभागाच्या एक टक्काही जागा व्यापत नाहीत. ते इथे एक वस्ती, तिथे एक वस्ती असे राहतात. मधे ओसाड. फेजला पाय नाहीत. मातीच्या कणाभोवतीची पाण्याची पातळ फिल्लम हाच त्याचा रस्ता. ती तुटली की तो जागच्या जागी अडकतो. त्यात आपली काळी माती. तिच्यातली फुगणारी चिकणमाती आणि कॅल्शियम मिळून फेजला कणाला चिकटवून ठेवतात. चिकटलेला फेज शिकार करू शकत नाही, पण ऊन आणि विकरं यांपासून वाचतोही. दबा धरून बसल्यासारखा.

मग रान कोरडं पडतं. वैशाखात आपल्याकडे काळ्या रानाला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. जिवाणू कसेबसे तग धरून असतात, अंगात विरघळणारे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. आणि मृगाचा पहिला दणका येतो.

त्या वासाचं कौतुक सगळेच करतात. तो वास मुख्यतः मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी बनवलेल्या जिऑस्मिन या द्रव्याचा असतो. पण त्याच तासांत नाकाला न कळणारं बरंच काही चाललेलं असतं. पाणी एकदम आत शिरल्यानं काही जिवाणू तिथल्या तिथे फुटतात. बाकीचे जागे होतात, त्यांना फुकटचं जेवण मिळतं, ते भराभर वाढतात. मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो आणि मोकळं नत्र एकदम वाढतं. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे सविस्तर मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. आपल्या आज्यापणज्यांना ते नावाशिवाय माहीत होतं. पहिल्या पावसावर साधलेली पेरणी जोमात येते हे त्यांनी पाहिलेलं होतं.

या घडामोडीत विषाणू काय करतात हे कॅलिफोर्नियातल्या एका गवताळ रानाच्या मातीत पाहिलं गेलं. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथलाही उन्हाळा कोरडा ठणठणीत. सुकलेल्या मातीला पाणी दिल्यावर विषाणूंच्या सगळ्या जाती वाढल्या नाहीत. थोड्याच जाती झपाट्यानं पुढे आल्या. पाण्यानंतरच्या दिवसांत जिवाणू मरत राहिले त्यात या विषाणूंचा लक्षणीय वाटा होता, मात्र ते एकटेच कारण नव्हते. मला हे पटतं. पाण्याची फिल्लम जुळली, रस्ता मोकळा झाला, समोर नुकतेच गुबगुबीत झालेले जिवाणू. ज्या जातीचे जिवाणू सर्वांत जास्त माजले, त्यांच्याच फेजना सर्वांत जास्त शिकार सापडते. अति तिथे माती. त्यामुळे एकच जात सगळं रान व्यापून बसत नाही, मागे राहिलेल्यांना जागा मिळते.

काही फेज मात्र फोडाफोडी करत नाहीत. ते जिवाणूत शिरून आपला डीएनए त्याच्या डीएनएत गुंफतात आणि मुक्काम ठोकतात. जिवाणू दुभंगला की फेजही वाटला जातो. मातीत असे मुक्कामी फेज पुष्कळ. जिथे जिवाणू विरळ आणि उपाशी, तिथे एकाला फोडून बाहेर पडलं तरी दुसरा सापडेलच असं नाही. त्यापेक्षा घरातच राहिलेलं बरं. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, तो मरणाच्या दारात आला, की हे जागे होतात आणि फोडून निघतात.

घरात राहताना ते कधी कधी भाडंही देतात. फेज आपल्याबरोबर जास्तीची जनुकं आणतात, आणि त्यातली काही जिवाणूच्या पोटापाण्याची असतात. उत्तर स्वीडनमध्ये गोठलेली जमीन वितळून दलदल होते आहे अशी एक जागा आहे. तिथल्या विषाणूंत वनस्पतींच्या गुंतागुंतीच्या साखरा तोडणाऱ्या विकरांची जनुकं सापडली, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं एक विकर प्रयोगशाळेत बनवून पाहिलं तर ते खरंच काम करत होतं. म्हणजे विषाणू फक्त जिवाणू मारून कर्ब फिरवतो असं नाही. जिवंत जिवाणूच्या हातात काडीकचरा कुजवण्याचं हत्यारही देतो.

दादाचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. "मग सोयाबीनला रायझोबियम लावतो, त्येला हे फोडत असणार."

फोडतात. रायझोबियमचे फेज शेंगवर्गीय पिकांच्या मातीत आढळतात, माझ्या मेथीच्या ताटलीत दिसतात तसेच. अशा फेजमुळे मुळांवरच्या गाठी कमी होतात हे प्रयोगांत दिसलं आहे. बाटलीतून आणलेला जिवाणू एकाच वाणाचा असतो, आणि एकच वाण म्हणजे एकच कुलूप. किल्ली असलेला फेज मातीत असेल तर तो जिवाणू लाखोंनी फुटतो. जिवाणू खत कधी लागू पडतं आणि कधी पडत नाही, याच्या कारणांत बाटलीचं वय, उन्हात ठेवणं, कोरड्यात पेरणं हे तर आहेच. त्यात हेही धरायला हवं असं माझं मत आहे. म्हणून त्याच रानातल्या मुळांवरच्या गाठींमधून निवडलेले, एकाहून जास्त वाण एकत्र देणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि उद्या कुणी "विषाणूंचं खत" म्हणून बाटली विकायला आलं तर घेऊ नका, हे मी दादाला निक्षून सांगितलं. रानात फेज कमी पडलेले नाहीत. कमी पडतो तो जिवाणूंना चारा. कर्ब नसेल तर पेव भरत नाही, आणि रिकामं पेव फोडून काय मिळणार? पाचट पेटवलं की तो चाराच जातो.

एक गोष्ट शेवटी सांगायची राहिली. फुटलेल्या जिवाणूचं सगळंच कुणी खात नाही. भिंतीचे चिकट तुकडे चिकणमातीच्या कणांना धरून बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा मोठा भाग अशा मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा असतो. म्हणजे एकाच फुटण्यातून काही कर्ब त्याच दिवशी हवेत जातो आणि काही नातवंडांच्या काळापर्यंत रानात राहतो. कुठला वाटा किती, हे माती, ओल आणि तापमान यांवर ठरतं.

दादाच्या रानातून आम्ही दोन जागची माती आणली आहे, भेगांच्या काठची. एक पाचट ठेवलेल्या पट्टीतली, एक पेटवलेल्या. कॉलेजच्या फ्रिजमध्ये दोन डबे, त्यांवर तारीख आणि "पावसाआधी". पहिला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी त्याच जागांवरून पुन्हा माती घ्यायची, असं ठरलं आहे. मेथीच्या गाठींतला जिवाणू वाढवून तयार आहे. दादाचा रोज सकाळी फोन येतो, ढग कुठवर आलेत ते सांगायला.